दोन इंटरनेट लाइन घेतल्या, तरी स्पीड दुप्पट का होत नाही?



हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ, कुठंही ऑनलाइन सेवा केंद्र टाका, धंद्याचा खरा कस लागतो तो शेवटच्या तारखेला. पीक विमा, शिष्यवृत्ती, सीईटीचा फॉर्म. दारात रांग असते आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं, तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं. म्हणून दोन लाइन घेणं शहाणपणाचंच. पण १०० एमबीपीएसच्या दोन लाइन म्हणजे २०० चा स्पीड, असा हिशेब करून पैसे घालणार असाल, तर आधी हे वाचा.

राउटर काम कसं वाटतो?

इंटरनेटवरून फाइल अखंड येत नाही. तिचे हजारो छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट या लाइनवर, दुसरं त्या लाइनवर असं वाटलं, तर ती मागंपुढं पोचतात. पाठवणाऱ्या सर्व्हरला वाटतं, मधलं पॅकेट हरवलं. तो ते पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. त्यात दोन कंपन्यांच्या लाइन असतील, तर प्रत्येकीचा बाहेरचा आयपी पत्ता वेगळा. मग एक कनेक्शन दोन्हीकडून चालतच नाही.

आपल्याकडच्या हळदीच्या बाजाराचं उदाहरण घ्या. समजा, दोन वजनकाटे आहेत. एकाच शेतकऱ्याची निम्मी पोती इकडं, निम्मी तिकडं मोजली, तर हिशेब जुळवताना घोळ होणार. त्यापेक्षा नियम करा: पावती नंबर सम असेल तर पहिला काटा, विषम असेल तर दुसरा. कुणाला विचारायला नको, वही चाळायला नको. एका पावतीचा सगळा माल एकाच काट्यावर.

राउटरही असाच नियम लावतो. त्याला हॅशिंग म्हणतात.

हॅशिंगचा हिशेब

प्रत्येक कनेक्शनची ओळख पाच गोष्टींवरून ठरते: पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, घेणाऱ्याचा आयपी पत्ता, दोघांचे पोर्ट नंबर आणि प्रोटोकॉल. राउटर यातून एक आकडा काढतो आणि त्याला लाइनच्या संख्येनं भागतो. बाकी उरेल ती लाइन.

सोपं करून बघू. कॉम्प्युटरच्या पत्त्याचा शेवट २१, सर्व्हरचा ४०, पोर्ट ५१००२ आणि ४४३. बेरीज ५१५०६. दोननं भागलं, बाकी ०, म्हणजे पहिली लाइन. पुढचं कनेक्शन ५१००३ पोर्टवरून गेलं, तर बेरीज ५१५०७, बाकी १, म्हणजे दुसरी लाइन. खरा राउटर साध्या बेरजेपेक्षा चांगलं सूत्र वापरतो, पण तत्त्व हेच.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये या सोयीला पीसीसी, म्हणजे पर कनेक्शन क्लासिफायर म्हणतात. एक लाइन १०० ची आणि दुसरी ५० ची असेल, तर तीननं भागायचं. बाकी ० किंवा १ आली तर मोठी लाइन, २ आली तर छोटी.

धंद्यासाठी याचा अर्थ काय?

*एका डाउनलोडला एकच लाइन.* मोठी फाइल एकाच कनेक्शननं उतरत असेल, तर १०० च्या वर जाणार नाही. फायदा होतो तो अनेक जण एकाच वेळी काम करतात तेव्हा.

*बँकेचं लॉगिन तुटू शकतं.* पोर्ट धरून हॅशिंग केलं, तर एकाच कॉम्प्युटरची कनेक्शनं दोन्ही लाइनवर जातात. काही बँका आणि पोर्टल मध्येच पत्ता बदलला की लॉगआउट करतात. ओटीपी टाकला आणि पान गेलं, तर गिऱ्हाईक तुमच्यावरच चिडणार. म्हणून सेवा केंद्रात फक्त कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून हॅशिंग ठेवा. म्हणजे एक कॉम्प्युटर, एक लाइन.

*पण मग वाटणी समान होईलच असं नाही.* सहा कॉम्प्युटर आणि दोन लाइन असतील आणि लाइन नशिबानं ठरत असेल, तर बरोबर तीन-तीन होण्याची शक्यता ६४ पैकी २०, म्हणजे साधारण ३१ टक्के. चार-दोन होण्याची त्याहून जास्त, ४७ टक्के. कॉम्प्युटर मोजकेच असतील, तर कोणता कुठल्या लाइनवर हे स्वतःच ठरवून टाकलेलं बरं.

*लाइन मेली, हे राउटरला कळलं पाहिजे.* दुकानातला डबा चालू, पण पुढं फायबर तुटलेली, असं होतं. राउटर फक्त डबा तपासत असेल, तर तो मेलेल्या लाइनवरही काम ढकलत राहतो आणि निम्मे कॉम्प्युटर अडकतात.

राउटर बसवणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा

१. हॅशिंग कशावरून लावणार, पोर्टवरून की कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून?
२. लाइन चालू आहे की नाही, हे बाहेरचा पत्ता पिंग करून तपासणार का?
३. दोन्ही केबल एकाच खांबावरून येतात का? तसं असेल तर एक फायबर आणि एक मोबाइल नेटवर्कची लाइन घ्या.
४. पैसे देण्याआधी माझ्यासमोर एक लाइन काढून दाखवणार का?

चौथा प्रश्न अजिबात सोडू नका. केबल उपसायची, दुसऱ्या लाइनवर पान उघडतंय का बघायचं, मग हीच चाचणी दुसऱ्या केबलची. चालू असलेला फॉर्म पुन्हा उघडावा लागेल, ते चालतं. पण रांग थांबता कामा नये. दुसऱ्या लाइनचे पैसे आपण दुप्पट स्पीडसाठी देत नाही, दुकान चालू राहावं म्हणून देतो.