बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं अस्वस्थता: ख्रिस्ती धर्मात पाप, तारण आणि शांती म्हणजे नेमकं काय?

२९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज गावात पंडिता रमाबाई आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात यावरून बराच गदारोळ झाला. पण १९०७ च्या आपल्या आत्मकथनात रमाबाई सांगतात ते वेगळंच आहे. तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. मनाला शांती मिळायला आणखी आठेक वर्षं गेली.

असं कसं? याचं उत्तर ख्रिस्ती शिकवणीतल्या 'पाप' या शब्दापासून सुरू होतं.

आपल्याकडे पाप म्हटलं की पाप-पुण्याचा हिशेब डोळ्यांसमोर येतो. एक केलं की एक जमा, एक वजा. बायबलच्या नव्या करारात पापासाठी 'हमार्तिया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. ख्रिस्ती शिकवणीनुसार पाप ही आधी एक अवस्था आहे, माणसाचं देवाशी तुटलेलं नातं. खोटं बोलणं, चोरी, द्वेष ही तिची लक्षणं. ताप म्हणजे आजार नव्हे, तसंच हे. आदाम आणि हव्वेच्या गोष्टीतून पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी मूळपापाचा सिद्धांत तपशिलात मांडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला मात्र त्यातला वारशाने येणारा दोष मान्य नाही.

आजार असा असेल, तर चांगली कामं वाढवून तो बरा होत नाही. म्हणून 'तारण'. बँकेत सोनं तारण ठेवणाऱ्याला हा शब्द चकवेल, पण मराठी बायबलमध्ये त्याचा अर्थ सुटका, वाचवणं असा आहे. मोक्षाशीही त्याची गल्लत होते. मोक्ष म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटका. तारण म्हणजे ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या मृत्यूमुळे आणि पुनरुत्थानामुळे देवाशी पुन्हा जुळलेलं नातं. ते कमवायचं नसतं, कृपेने मिळतं.

रमाबाईंना हे उशिरा का उमगलं?

'कमवायचं नसतं' हे रमाबाईंसाठी सोपं नव्हतं. त्यांचं लहानपण तीर्थयात्रांमध्ये गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी होतं नव्हतं ते दानधर्म आणि व्रतांवर खर्च केलं. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. करत राहिलं की फळ मिळतं, या विश्वासाची किंमत त्यांनी घरातच पाहिली होती. तरीही बाप्तिस्म्यानंतर त्या काही काळ त्याच वाटेने चालल्या: विधी, शिकवण, वाद. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाँटेजच्या सिस्टरांशी त्यांचे खटके उडाले.

मग विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. पाद्री होऊन बरीच वर्षं झालेल्या या माणसाचं मन स्वतःच्याच प्रवचनात पालटलं होतं. रमाबाईंना त्यात आपलीच गोष्ट दिसली. तारण ही देणगी आहे आणि ती आत्ता, आहे त्या स्थितीत घ्यायची आहे, हे त्यांना तेव्हा पटलं.

अर्थात, मग सत्कर्मांचं काय, यावर चर्चमध्ये मोठी फूट पडली. मार्टिन ल्यूथर यांच्या मते माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. कॅथलिक चर्च कृपा पहिली मानतं, पण माणसाने तिला कृतीतून साथ द्यायला हवी, यावर भर देतं. १९९९ मध्ये लूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी ऑग्सबर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा हा वाद बराच निवळला.

आणि शांती? हिब्रू 'शालोम' म्हणजे नुसती निवांतपणाची अवस्था नाही, सगळं सांधलं जाणं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना शांती देऊन जातो, ते त्याला अटक होण्याच्या रात्री. दुःख टळेल, असं ही शिकवण म्हणत नाही.

रमाबाईंचंही टळलं नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली. केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद करण्याचं काम रमाबाईंनी अखेरपर्यंत चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.