चार वर्षांचं मूल तपासताना नर्स नेमकं काय पाहते?

‘सिस्टर, हा काही म्हणजे काही खात नाही हो. बघा ना, किती वाळलाय.’

सरकारी दवाखाना असो की खासगी, लहान मुलांच्या ओपीडीत काम करणाऱ्या नर्सला हे वाक्य नवं नसतं. समोर चार वर्षांचा मुलगा असतो, बरगड्या मोजता येतील असा. पण खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत, त्याचा उद्योग चालूच असतो. काट्यावर वजन भरतं साडेपंधरा किलो. नर्स कार्ड बघते आणि म्हणते, ‘ताई, वजन चांगलं आहे.’ आईचा विश्वास बसत नाही.

आता त्याच ओपीडीत बसलेला दुसरा मुलगा बघा. गुटगुटीत, पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, शांत. सर्दीसाठी आणलंय, बाकी आईची काही तक्रार नाही. पण जमिनीवर बसलेला हा मुलगा उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. अनुभवी नर्सची नजर तिथे थांबते.

तीन ते सहा या वयाची गंमत आणि धोका दोन्ही यात आहे. घरच्यांना ज्याची काळजी वाटते ते पुष्कळदा नॉर्मल असतं. आणि ज्याची काळजी करायला हवी, ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

लसीच्या दोन तारखांमधली तीन वर्षं

बाळ जन्मल्यापासून दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत नर्सच्या डोळ्यांसमोर असतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, अशा लसींच्या तारखा असतात. प्रत्येक वेळी वजन होतं, दोन प्रश्न विचारले जातात. सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांदरम्यान बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस होतो. त्यानंतरचा बूस्टर थेट पाच ते सहा वर्षांच्या वयात.

म्हणजे मधली जवळपास तीन वर्षं लसीसाठी दवाखान्यात जायचं कारणच उरत नाही. दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस असतो, अंगणवाडीत वजन होतं, पण मूल आजारी नसेल तर मुद्दाम ‘दाखवायला’ कोण नेतं? आणि याच तीन वर्षांत मूल वाक्य बोलायला लागतं, खेळात भिडू करतं, पेन्सिल धरतं, खोटं बोलायलाही शिकतं. एखादी गोष्ट मागे पडत असेल तर ती इथेच दिसते. म्हणून नर्सिंगच्या अभ्यासक्रमात या वयाची वाढ आणि विकास बारकाईने शिकवतात. मूल सर्दीला येऊ दे की पडून गुडघा फुटल्यावर, आलं आहे तर बाकीचंही पाहून घ्यायचं.

वाढ वेगळी, विकास वेगळा

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण वाढ म्हणजे शरीराचा आकार: वजन, उंची, डोक्याचा घेर. ती काट्यावर आणि पट्टीवर मोजता येते. विकास म्हणजे मुलाला काय काय जमायला लागलं: एका पायावर उडी, शर्टाचं बटण, ‘का?’ विचारणं. एक व्यवस्थित असून दुसरं अडकलेलं असू शकतं. वर सांगितलेला दुसरा मुलगा वजनात, उंचीत कुठेच कमी नव्हता.

मग हा खात का नाही?

कारण त्याला पूर्वीइतकं लागतच नाही.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, साधारण तीन किलोवरून नऊ-दहा किलोवर. दोन वर्षांनंतर हा वेग एकदम उतरतो. वर्षाला जेमतेम दोन किलो वजन आणि सहा ते आठ सेंटीमीटर उंची. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना यासाठी एक सोपं गणित पाठ असतं: वयाची दुप्पट करा, त्यात आठ मिळवा. तीन वर्षांना १४ किलो, चारला १६, पाचला १८. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातले मधले आकडेही याच्या अगदी जवळ आहेत. उंचीची खूण आणखी सोपी आहे: चौथ्या वर्षाच्या सुमारास ती जन्माच्या दुप्पट, म्हणजे शंभर सेंटीमीटरच्या आसपास होते.

वेग कमी झाला की भूकही कमी होते. त्यात अंगावरची बाळसेदार चरबी या वयात उतरत जाते, पोटाचे स्नायू घट्ट होतात आणि पुढे आलेलं पोट आत जातं. उंचीच्या मानाने मूल सगळ्यात सडपातळ दिसतं ते पाच-सहा वर्षांच्या आसपास. नंतर ते पुन्हा भरू लागतं. हे भरणं फार लवकर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आधीच सुरू झालं तर पुढे लठ्ठपणाची शक्यता वाढते. त्यामुळे मोबाइल समोर धरून एकेक घास कोंबण्याचा जो कार्यक्रम घरोघरी चालतो, त्याने फायदा होण्यापेक्षा मुलाला आपली भूक कळेनाशी होण्याचाच संभव जास्त. (माझ्या आईने हे वाचलं तर तिला पटणार नाही, याची खात्री आहे.)

पण म्हणून ‘या वयात मुलं अशीच असतात’ म्हणून सोडून द्यायचं का? तेही नाही.

कार्डावरचा हिरवा रंग कधी फसवतो?

माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो, मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, केशरी म्हणजे खूपच कमी. या तक्त्यामागचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. चांगलं खायला मिळालं, आजारपणं कमी झाली, तर सुरुवातीच्या वर्षांत जगभरची मुलं साधारण सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. ‘आमच्याकडे सगळे बुटकेच’ हे उत्तर त्यामुळे लहान मुलाच्या बाबतीत पुरेसं ठरत नाही.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांचा मुलगा, वजन १३ किलो, उंची ९२ सेंटीमीटर. वयाप्रमाणे वजन पाहिलं तर तो हिरव्या पट्ट्यात आहे, जेमतेम का होईना. उंचीच्या मानाने वजनही ठीक. कुणी म्हणेल, काही प्रश्न नाही. पण चार वर्षांच्या मुलासाठी उंचीची खालची मर्यादा ९५ सेंटीमीटरच्या जवळ आहे. हा मुलगा खुजा राहिला आहे. म्हणजे त्याची उपासमार आजची नाही, ती दोन-तीन वर्षांपासून थोडी थोडी चालू आहे. फक्त वजन करून सोडलं असतं तर हे कळलंच नसतं.

अशी मुलं थोडी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी.

मापातल्या चुकाही कमी नसतात. उंची घेताना चप्पल तशीच, मुलीचा अंबाडा तसाच, टाचा भिंतीपासून सुटलेल्या. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घेतात आणि त्यानंतर उंची उभं करून. या दोन पद्धतींत साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो. सगळ्यात मोठी चूक मात्र वयाची. १२ किलो ४०० ग्रॅमचा मुलगा साडेतीन वर्षांचा असेल तर हिरव्या पट्ट्यात आणि चार वर्षांचा असेल तर पिवळ्या. ‘गणपतीत चार पूर्ण होतील’ एवढ्यावर थांबून चालत नाही, जन्मतारीख लागतेच.

शिवाय एका मोजमापावर फार काही ठरत नाही. पट्ट्याच्या खालच्या कडेने का होईना, सतत वर जाणारी रेषा असेल तर नर्स निश्चिंत असते. भरल्या अंगाच्या मुलाची रेषा तीन महिने आडवी झाली तर नसते.

गोल, अधिक, चौकोन, त्रिकोण

विकास तपासायला मशीन लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरते. तीन वर्षांचं मूल बघून गोल काढतं. चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. तिरकी रेष डोळ्याला दिसली तरी ती हाताला वळवणं अवघड असतं, म्हणून त्रिकोण शेवटी.

हालचालींचं तसंच. तीनला तीनचाकी सायकल, चारला एका पायावर उड्या म्हणजे आपली लंगडी, पाचला पाय बदलत उडत जाणं. बोलण्यात, तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं बाहेरच्या माणसाला समजायला हवं आणि चारपर्यंत जवळपास सगळंच. यासाठी नर्ससाठी तयार चाचण्या आहेत. अमेरिकेतली डेन्व्हर चाचणी १९६७ ची. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला ‘त्रिवेंद्रम’ तक्ता आरोग्य कर्मचाऱ्यांना काही मिनिटांत वापरता येतो.

पण तक्ता हातात आहे म्हणून निकाल लगेच लावायचा नसतो. ज्या मुलाने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, त्याने गोल काढला नाही तर तो मागे पडलाय असं कसं म्हणणार? त्याला मातीत काडीने काढायला सांगा. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा पालघरमधलं वारली बोलणारं मूल मराठी बोलणाऱ्या सिस्टरसमोर गप्प बसलं, तर तो विकासातला दोष नसून भाषेचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी आईला विचारायचं: ‘घरी हा तुमच्याशी काय काय बोलतो?’

काही खुणांच्या बाबतीत मात्र थांबायचं नसतं. जमत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, शब्द गळू लागले, तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टर. हाक मारल्यावर मान वळत नसेल तर आधी कान तपासायचे. टीव्हीजवळ जाऊन बसणारं, एक डोळा तिरका असलेलं मूल ‘मोठेपणी होईल ठीक’ म्हणून सोडलं की त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते, कारण ‘आळशी डोळ्या’वरचे उपचार सात वर्षांच्या आत सगळ्यात चांगले लागू पडतात.

आणि तो हात टेकवत उठणारा मुलगा? त्या उठण्याला गोवर्स चिन्ह म्हणतात. मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू अशक्त असल्याची ती खूण. जिने चढताना दमणं, वारंवार पडणं आणि फुगलेल्या पोटऱ्या सोबत असतील तर ड्युशेन हा स्नायूंचा आनुवंशिक आजार असू शकतो. तो बहुतेक मुलग्यांमध्येच दिसतो. रक्ताच्या एका साध्या तपासणीने पुढची दिशा कळते. आजार पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी मुलाचं चालणं काही वर्षं जास्त टिकतं. शिवाय आईला पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो.

‘गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई देईल’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. नर्सचं काम याने किती अवघड होतं, ते या वयाचा विचार करण्याचा ढंग समजला की कळतं.

तीन ते सहा वर्षांचं मूल दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की त्यांना कार्यकारणाने जोडतं. मी ताईला मारलं, रात्री ताप आला, म्हणजे ताप ही शिक्षा. त्यात आपण सुईला उघडउघड शिक्षाच करून टाकतो. शब्दही ते शब्दशः घेतं. ऑपरेशनच्या आधी ‘तुला झोपवणार’ सांगितलं की घरी गेल्यावर ते झोपायला घाबरू शकतं. टोचलेल्या जागेतून सगळं रक्त बाहेर येईल असंही त्याला वाटतं, म्हणून इंजेक्शननंतरची छोटी पट्टी त्याच्यासाठी फार महत्त्वाची असते. ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका, हे नर्सना आवर्जून शिकवतात. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, रडलास तरी चालेल, हात मात्र हलवू नकोस’ एवढं पुरतं.

दुखणं किती, हे त्याला आकड्यात सांगता येत नाही. त्यासाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता वापरतात. तो अमेरिकेतल्या डोना वाँग या नर्सने कॉनी बेकर यांच्यासोबत तयार केला आणि तीन वर्षांपासूनच्या मुलांना तो चालतो.

तपासणी कुठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी त्यात शोधतात. याच भागात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या अंगणात शाळा नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजवला होता.

या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. पथकाने वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत जायचं असतं. काही आढळलं तर मुलाला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. तपासणी आणि उपचार मोफत असतात. पथक कधी येणार, ते अंगणवाडी सेविकेला विचारता येतं. त्या दिवशी मूल मामाच्या गावाला असेल, तर पुढची फेरी सहा महिन्यांनी.