रक्तानं घातलेलं अस्तर

1947 साल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्होरीस हे तरुण सर्जन कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करत होते. एका शस्त्रक्रियेत रेशमी टाका चुकीच्या जागी पडला आणि दोरा हृदयाच्या कप्प्यात आरपार ताणलेला राहून गेला. काही महिन्यांनी शवविच्छेदन करताना तो पुन्हा दिसला. रेशमावर गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा चढला होता. हृदयाची भिंत आतून असते ना, अगदी तसा!

एका दोऱ्याला शरीर असं अस्तर लावतं, तर दोऱ्यांनीच विणलेल्या कापडाला का नाही लावणार? व्होरीस यांनी रेशमी रुमालाची नळी करून पाहिली; ती टिकली नाही. मग विनयॉन-एन या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवली आणि कुत्र्याच्या महाधमनीत बसवली.

पण कापड म्हणजे भोकंच भोकं. पंच्यात पाणी धरून ठेवता येत नाही, तिथे हृदयाच्या दाबानं उसळणारं रक्त कसं राहणार? गंमत इथेच आहे. विणीत शिरलेलं रक्त तिथेच गोठतं. रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिनचे बारीक तंतू एकेका भोकात जाळी विणतात आणि गळणारं रक्तच गळती बुजवून टाकतं. पुढे तर सर्जन कापडी नळी आधी रोग्याच्याच रक्तात भिजवून मग बसवू लागले.

हे प्रयोग 1952 साली प्रसिद्ध झाले. फुगून फुटायला आलेल्या महाधमनीच्या जागी माणसांतही कापड बसू लागलं. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी बायकोच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या नळ्या शिवत. हे डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिएस्टर.

पुढे माणसांच्या अंगातल्या अशा नळ्या तपासल्या गेल्या, तेव्हा वेगळंच दिसलं. चकचकीत अस्तर होतं, पण फक्त दोन्ही टोकांशी, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. मधे नुसता फायब्रिनचा थर. कुत्र्याच्या हृदयातल्या दोऱ्यानं दाखवलेली गोष्ट माणसात पुरती घडतच नव्हती! महाधमनी रुंद, तिच्यातला प्रवाह जोरकस, म्हणून नळी चालत राहिली. बारीक धमनीच्या जागी तेच कापड गुठळीनं तुंबतं. बायपाससाठी आजही पायातली शीर काढून लावतात, त्यामागे हेही कारण आहे.

मला ही तफावत मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. मुक्या जिवांच्या प्राणांची किंमत देऊन ती कळली आहे, तेव्हा ती नीट वाचणं हे आपलं देणंच आहे.

हीच तफावत स्टेंटमध्येही दिसते. स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी धरणारी जाळीदार नळी. तिची चाचणी आता बहुधा डुकरांवर होते, कारण त्यांच्या हृदयाच्या धमन्या आकारानं आपल्यासारख्या असतात. साधा धातूचा स्टेंट घातला, की साधारण 28 दिवसांत त्याच्या जाळीवर पेशींचं अस्तर चढतं. पण ते डुक्कर तरुण, त्याची धमनी निरोगी. रोग्याची धमनी वर्षानुवर्षं चरबी आणि कॅल्शियमचे थर साचलेली. तिथे याच कामाला कित्येक महिने जातात. औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटवर त्याहूनही जास्त. तोवर धातू रक्ताला उघडा असतो आणि त्यावर गुठळी धरू शकते. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाला म्हणूनच डॉक्टर बजावतात, की बरं वाटलं तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आत अस्तर अजून पुरतं चढलेलं नसतं.