जुना संगणक भंगारात काढण्याआधी

पावसाळा तोंडावर आला, की हिंदमाताच्या कापड बाजारात खालच्या फळ्यांवरचा माल वर चढतो. गल्ल्याशेजारचा संगणकही उंचावर जातो. गिऱ्हाइकांची उधारी, व्यापाऱ्यांची देणी, जीएसटीची बिले सगळे त्यातच असते. मात्र सध्या अशा अनेक जुन्या संगणकांना धोका आहे तो पाण्याखेरीज वेगळाच.

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. त्यानंतरही संगणक सुरू होतो, बिलेही निघतात. पण नव्याने सापडलेल्या सुरक्षात्रुटी आपोआप बुजवल्या जात नाहीत. अशाच फटीतून शिरलेला खंडणीखोर व्हायरस सगळ्या फायली कुलूपबंद करू शकतो. विंडोज 11 घ्यावे, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. 2017 पूर्वीचे बहुतेक संगणक तिथेच अडतात. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी निवृत्त!

अशा वेळी लिनक्स हा एक पर्याय आहे. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 मध्ये त्याचा गाभा लिहिला. आज खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. ‘लिनक्स मिंट’सारखी आवृत्ती मोफत मिळते. तिला किमान 2 जीबी रॅम पुरते, पण काम सुखाने व्हायला 4 जीबी हवी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर वेगातला फरक लगेच जाणवतो. कारण बहुतेक वेळा प्रोसेसरपेक्षा फिरणारी डिस्कच संगणकाला रखडवते.

लिनक्सची चांगली सोय म्हणजे ते आधी वापरून पाहता येते. पेनड्राइव्हवर त्याची प्रत तयार करायची आणि संगणक त्यावरून सुरू करायचा. डिस्कवरचे काहीही न पुसता लिनक्स समोर येते. याच वेळी वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासून घ्यावे. सगळे जुळले, तरच ते कायमचे बसवावे.

मात्र त्याआधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, की जुना हिशेब गेलाच समजा. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, ते लिनक्सवर सरळ बसत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही चालते का, हे तपासायला हवे. ज्यांचा धंदा त्यावरच चालतो, त्यांनी हिशेबासाठी नवा संगणक घ्यावा. ईमेल, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यासाठी जुन्यावर लिनक्स बसवावे. शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे मोफत धडे आहेत. त्यातले काही मराठीतही ऐकता येतात.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला सुमारे 22 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. जुन्या सर्किटच्या डाखात शिसे असते. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या, की विषारी धूर होतो. त्याचा पहिला त्रास जाळणाऱ्यांना आणि आसपास खेळणाऱ्या मुलांना होतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते.

संगणक आणखी चार-पाच वर्षे वापरला, तर तेवढा काळ हा कचरा लांबतो. शेवटी तो टाकायचाच झाला, तर डिस्कवरची माहिती पुसून अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा. त्याआधी एक पेनड्राइव्ह आणि रविवारची दुपार त्याच्यासाठी काढायला हरकत नाही.