डिस्कची जमीन आणि तिचे दप्तर

मिरजगावच्या एखाद्या खातेदाराची जमीन सलग असतेच असे नाही. एक तुकडा या गटात, तर दुसरा ओढ्यापलीकडच्या गटात. तरीही गाव नमुना आठ-अ पाहिला की त्याच्या नावावरचे गावातले सारे गट एकत्र सापडतात. संगणकाच्या डिस्कवरही असेच असते.

डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या, सारख्या आकाराच्या तुकड्यांची रांग. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. तो बहुधा ५१२ किंवा ४०९६ बाइटचा असतो. १,०७,३७,४१,८२४ बाइटच्या जागेत ४०९६ बाइटचे २,६२,१४४ ब्लॉक बसतात. भागाकार करून पाहावा! कोणती फाइल कोणकोणत्या ब्लॉकांत आहे, याचे दप्तर 'फाइल सिस्टिम' सांभाळते.

आता कंटेनरकडे वळू. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एकत्र बांधलेली पेटी म्हणजे कंटेनर. ही पेटी केव्हाही मोडून दुसऱ्या यंत्रावर नव्याने उभारता येते. मात्र पेटीच्या आत लिहिलेले तिच्याबरोबरच जाते. म्हणून टिकवायची माहिती पेटीबाहेरच्या जागेत, म्हणजे 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवतात. बहुधा त्यावर फाइल सिस्टिम असते.

पण काही प्रोग्राम स्वतःचेच दप्तर ठेवतात. मग एकाच जमिनीची दोन दप्तरे कशाला? 'सेफ' या साठवण प्रणालीची जुनी रचना फाइल सिस्टिमवर बेतलेली होती. तीत प्रत्येक नोंद आधी रोजनाम्यात आणि मग फाइलमध्ये, अशी दोनदा लिहिली जाई. २०१७ पासून तिने थेट ब्लॉकांवर लिहिणारी 'ब्लूस्टोअर' ही रचना मुख्य मानली. कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या 'कुबरनेटीस'मध्येही व्हॉल्यूम फाइल सिस्टिमविना, कोरा मागण्याची सोय २०२० मध्ये पक्की झाली. तेव्हा कंटेनरला फायलींचा कप्पा न दिसता अख्खे साधन दिसते.

याची किंमतही आहे. कोऱ्या व्हॉल्यूममध्ये फायलींची नावे नाहीत, यादी नाही. दोन कंटेनर एकाच ब्लॉकवर लिहू लागले तर अडवणारे कोणी नाही. ती सारी जबाबदारी प्रोग्रामची. म्हणून साध्या कामाला फाइल सिस्टिमच बरी.

वर्गात एक प्रयोग करावा, असे आम्ही सुचवतो. वहीच्या पानांना क्रमांक द्या. तीन धड्यांच्या टिपणांतले एकेक वाक्य वेगवेगळ्या पानांवर विखरून लिहा, आणि कोणते पान कोणत्या धड्याचे याची अनुक्रमणिका करा. मग अनुक्रमणिका काढून घ्या आणि वही शेजारच्या वर्गाला वाचायला द्या. एकही अक्षर पुसलेले नसताना माहिती कशी हरवते, हे मुलांना आपोआप कळेल.