ब्यॉर्कचा ‘डेब्यू’

आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिचा ‘डेब्यू’ हा अल्बम १९९३ साली आला. शाळकरी वयात, १९७७ मध्ये, तिचा एक अल्बम निघाला होता. पण मोठेपणी, ‘शुगरक्यूब्स’ हा बँड मोडल्यावर, एकटीच्या नावावर केलेला हा पहिलाच. निर्माता होता नेली हूपर. क्लबमधला हाउस संगीताचा ठेका, जॅझचा सॅक्सोफोन, हार्प अशी सरमिसळ त्यात आहे, आणि ती कुठे खटकत नाही. तबलावादक तलविन सिंग याने तर तंतुवाद्यांचे ध्वनिमुद्रण भारतात करवून घेतले. त्यातल्या ‘ह्यूमन बिहेवियर’ या गाण्याची चाल मात्र ब्यॉर्कला किशोरवयातच सुचलेली होती. २०२२ मधल्या ‘सॉनिक सिम्बॉलिझम’ या पॉडकास्टमध्ये तिने आपल्या अल्बमांचा मागोवा घेतला, तो ‘डेब्यू’पासूनच.