कानापुढची बिजागरी

बालमित्रांनो, आधी एक छोटासा प्रयोग करू या. दोन्ही हातांचं एकेक बोट कानाच्या अगदी पुढे, गालावर टेकवा. आता तोंड उघडा, मिटा. पुन्हा उघडा. बोटाखाली काहीतरी हलतंय ना? तीच तुमच्या जबड्याची बिजागरी. भाकरी चावताना, पाढे म्हणताना, जांभई देताना ती दिवसभर राबते. पण आपल्याला तिची कधी आठवणसुद्धा होत नाही.

मला ती आठवण करून दिली चौथीतल्या एका मुलाने. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेमागे चिंचेचं झाड आहे. चिंचा पाडायला हा गडी वर चढला आणि हनुवटीवर आपटला. टाके पडले, जखम भरली, सगळे विसरले. मीसुद्धा! पुढे काही महिन्यांनी डब्याच्या वेळी पाहिलं, तर तो भाकरीचा चुरा करून एकेक चिमूट तोंडात ढकलत होता. त्याचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. आम्ही सर्वांनी हनुवटी पाहिली होती, पण कानापुढे कुणी पाहिलंच नव्हतं. मार हनुवटीला बसला, तरी त्याचा धक्का थेट या सांध्यापर्यंत जातो. लहान वयात तिथे हाडाला हाड चिकटू शकतं आणि जबड्याची वाढही खुंटते. शेवटी त्याच्यावर पुण्याला शस्त्रक्रिया झाली. आता तो तोंडाचे व्यायाम रोज न चुकता करतो.

तुम्ही विचाराल, "बाई, गुडघा खरचटला तर आपोआप भरतो. मग हा सांधा का नाही भरत?"

छान प्रश्न! सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट आवरण असतं. त्याला म्हणतात कूर्चा. आपल्या कानाची पाळी वाकते ना, तिच्या वरचा ताठ भागही कूर्चेचाच. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. रक्त नाही, म्हणजे दुरुस्तीचं सामान घेऊन येणारी गाडीच नाही! कूर्चेच्या पेशी असतात, पण विरळ. आणि प्रत्येक पेशी आपल्या छोट्याशा खोलीत बंद. शेजारी मोडतोड झाली, तरी ती उठून तिकडे जाऊ शकत नाही.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, या कैदी पेशींना बाहेर काढून वाढवलं तर?

अभ्यासासाठी बहुधा शेळीचा किंवा डुकराचा जबड्याचा सांधा खाटिकखान्यातून ताजा ताजा आणतात. त्याची कूर्चा सोलून, जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात धुऊन बारीक चिरतात. मग हे तुकडे एका विकराच्या द्रावणात ठेवतात. मटणात कच्च्या पपईचा तुकडा टाकला की ते लवकर मऊ होतं ना? तसंच हे विकर कूर्चेचे चिवट धागे विरघळवतं. उष्णता आपल्या अंगाइतकी, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस. वेळ काही तास. इथेच खरी कसोटी! लवकर काढलं, तर पेशी खोलीतच अडकून राहतात. जास्त वेळ ठेवलं, तर पेशीच मरतात.

नंतर ते द्रावण वस्त्रगाळ करतात. अर्थात तिथली चाळणी आपल्या धोतराच्या फडक्याहून कितीतरी बारीक असते. डेअरीतल्या मलई काढायच्या यंत्रासारखं एक यंत्र ते गरगर फिरवतं आणि पेशी तळाशी बसतात. जिवंत किती, मेलेल्या किती, हे कसं ओळखायचं? एक निळा रंग घालतात. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगाला दारातच अडवते. आहे की नाही गंमत!

आता या पेशी बशीत, खुराक घालून वाढवायच्या. आपल्याकडे कांद्याचं रोप आधी वाफ्यात टाकतात आणि मग शेतात लागण करतात, तसंच हे. पण सपाट बशीत पेशी संख्येने वाढतात आणि हळूहळू कूर्चा बनवायचं कामच विसरतात! त्यांना वर-खाली, चहूबाजूंनी आधार हवा. जुन्नरकडच्या द्राक्षवेलीला मांडव लागतो ना, तसा. म्हणून समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाच्या मऊ मण्यांत त्यांना ठेवून पाहतात. तिथे त्यांना आपलं काम पुन्हा आठवू लागतं.

ही नुसती कल्पना नाही, बरं का. १९९४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २३ रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच वाढवलेल्या कूर्चापेशी सोडल्याचं जाहीर केलं. मांडीच्या हाडाच्या टोकाशी दुखापत असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. जबड्याचा सांधा मात्र गुडघ्याहून वेगळा. त्याची कूर्चा जास्त धागेदार असते आणि तो फिरतो तसा पुढेही सरकतो. म्हणून त्याचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच चालू आहे.

पेशी वाढवण्या-जपण्याचं मोठं केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. कोशिका म्हणजेच पेशी. १९८८ साली त्याचं काम सुरू झालं. तिथे पेशींची चक्क बँक आहे! गावात गुरांचे डॉक्टर धूर निघणारा नायट्रोजनचा कॅन घेऊन येतात, पाहिलाय ना? तशाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या गारठ्यात पेशी वर्षानुवर्षे झोपून राहतात.

नवी कूर्चा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आहे ती जपू या. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, पाहा. आईबाबांनो, मूल हनुवटीवर पडलं तर टाक्यांवर थांबू नका. कानापुढे दुखतंय का, जबडा एका बाजूला वळतोय का, तोंड कमी उघडतंय का, हे पाहा आणि शंका आली तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि मुलांनो, पडलात तर लपवू नका हं! ओरडा बसेल तो एक दिवस. तोंड मात्र जन्मभर उघडायचं आहे.